घंटी कुणाच्या हातात? कर्जतची सभा आणि खोपोलीची सभा

पत्रिकेवर आजचा विषय 'सभा कशी चालवावी' असा छापलाय. छापणाऱ्याने आमच्यावर जरा जास्तच विश्वास टाकला. आम्ही तीसेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, निवृत्तीनंतर कर्जतच्या या आपल्या रविवारच्या सभेत बहुतेक वेळा अध्यक्षाच्या खुर्चीत बसलो, आणि सभा चालवणं आपल्याला जमतं अशी आमची प्रामाणिक समजूत होती. गेल्या महिन्यात खोपोलीला गेलो आणि ती समजूत तिथेच ठेवून आलो. तेव्हा आज जे सांगायचंय ते पाहुण्याच्या नजरेतून पाहिलेलं आहे. खोपोलीची काही मंडळी मागच्या रांगेत बसली आहेत. त्यांच्याबद्दल जे बोलू ते त्यांच्या तोंडावरच बोलू, आणि आपल्याबद्दलचंही आपल्याच तोंडावर.

आधी थोडं प्रवासाचं. कर्जतहून पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, आणि मग खोपोली. अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर, पण गाड्या मोजक्या. एक चुकली की फलाटावर बसून राहायचं. आम्ही तिघं गेलो होतो: आम्ही, आपले खजिनदार आणि अंगणवाडीच्या ताई. या ताई दोन वर्षं आपल्या सभेला येतात. खुर्च्या मांडायला हात लावतात, हजेरीची वही फिरवतात, चहाचे कप मोजतात. दोन वर्षांत त्या आपल्यासमोर उभ्या राहून एक वाक्यही बोललेल्या नाहीत. गंमत अशी की हे आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

खोपोलीचा तो क्लब टोस्टमास्टर्सच्या धर्तीवर चालतो. त्या जागतिक संस्थेशी तो संलग्न नाही, पण पद्धत तिथून उचललेली आहे. ज्यांना ती माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सँटा ॲना गावी राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी हे सुरू केलं. ते वायएमसीएमध्ये काम करायचे. तिथे येणाऱ्या तरुणांना चार लोकांत बोलता येत नाही, बैठक चालवता येत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांचा उपाय साधा होता: बोलायचं शिक्षण बोलूनच घ्यायचं, आणि सभेतलं प्रत्येक काम आळीपाळीने प्रत्येकाने करायचं. कायमचा अध्यक्ष नाही. आज जो वेळ मोजतो तो पुढच्या वेळी सूत्रसंचालक, त्याच्या पुढच्या वेळी वक्ता. तयार करून आणलेलं भाषण पाच ते सात मिनिटांचं. पाच मिनिटं झाली की हिरवं कार्ड, सहाला पिवळं, सातला लाल. मग अर्ध्या मिनिटाची सवलत. त्यानंतर टेबल टॉपिक्स, म्हणजे आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक ते दोन मिनिटं बोलायचं. प्रत्येक भाषणाला एक मूल्यमापक असतो आणि त्यालाही दोन-तीन मिनिटांचीच मर्यादा. एक माणूस व्याकरणावर लक्ष ठेवतो. आणखी एक असतो आह काउंटर. तो कोण किती वेळा 'अं' म्हणालं, 'म्हणजे' म्हणालं, 'ॲक्च्युअली' म्हणालं ते मोजत बसतो. (हशा) हसू नका, आमचे बेचाळीस भरले. पाहुणे म्हणून आम्हाला तीन मिनिटं दिली होती, त्यात बेचाळीस 'म्हणजे'.

ही पद्धतही काही आकाशातून निर्दोष उतरलेली नाही. स्त्रियांना टोस्टमास्टर्सची दारं १९७३ साली उघडली, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं 'सगळ्यांनी आळीपाळीने' यातले सगळे म्हणजे पुरुषच होते. खोपोलीत मात्र त्या दिवशी अठरा माणसं होती, त्यांतल्या सात बायका, आणि अठरापैकी चौदा जण काही ना काही बोलले.

आता आपल्याकडे या. परत आल्यावर पुढच्याच रविवारी खजिनदारांनी मांडीवर घड्याळ ठेवून आपल्या सभेचा हिशेब लिहिला. त्यांच्या पैशाच्या हिशेबात आजवर चूक निघालेली नाही, तेव्हा हाही खराच धरू. पाच वाजताची सभा पाच पस्तीसला सुरू झाली. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन आणि शाल-श्रीफळ यात अठरा मिनिटं. प्रास्ताविक नऊ. पाहुण्यांचा परिचय अकरा, त्यांत त्यांच्या पुस्तकांची नावं दोनदा. वक्ते चाळीस मिनिटं. अध्यक्षीय समारोप, अर्थात आम्ही, बत्तीस मिनिटं. आभार दहा मिनिटं. मंडपवाला आणि माइकवाला सुटले नाहीत हे चांगलंच झालं. आणि प्रश्नोत्तरं शून्य. सूत्रसंचालक म्हणाले, "वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येत नाहीत." हे वाक्य आपण इतक्या सभांतून ऐकलंय की त्यात काही खोट आहे असं कुणाला वाटतच नाही. वेळ होता हो. आम्ही तो समारोपात खाल्ला. चाळीस माणसं हॉलमध्ये आणि बोलले पाच, पाचही साठीच्या पुढचे.

हे ऐकून तुम्हाला वाटेल की आम्ही खोपोलीची पताका घेऊन आलोय. तसं नाही. तिथे जे ऐकलं त्यानेही आमची झोप उडाली. ते सविस्तर सांगायला हवं.

त्या दिवशी एका तरुणाने पाताळगंगेवर भाषण केलं. मुलगा देखणा बोलतो. आवाजात चढउतार, कुठे थांबायचं ते ठाऊक, हाताने नदीचं वळण असं काढलं की डोळ्यांसमोर पाणी दिसलं. त्याचं म्हणणं असं की पाताळगंगा ही निसर्गाची देणगी, सह्याद्रीच्या पोटातून बारा महिने वाहणारी, आणि तिच्या या स्वभावामुळेच इथे कारखाने आले. टाळ्या पडल्या. मूल्यमापक बाईंनी उठून त्याच्या हातवाऱ्यांचं कौतुक केलं, नजर सगळ्या बाजूंना फिरते हे सांगितलं, शेवट आणखी ठसठशीत हवा होता अशी एक सूचना केली, आणि बसल्या. लगेच पुढचा वक्ता.

मंडळी, पाताळगंगा उन्हाळ्यात वाहते ती मुख्यतः खोपोलीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर. टाटांचं हे वीजघर १९१५ साली सुरू झालं. लोणावळा, वळवण, शिरोता हे तलाव घाटावर आहेत. तिथलं पाणी आपल्या वाटेने गेलं असतं तर पूर्वेला इंद्रायणीत, तिथून भीमेत गेलं असतं. ते अडवून नळांतून घाटाखाली आणलं, त्याने चाकं फिरली, वीज मुंबईला गेली आणि उरलेलं पाणी पाताळगंगेला मिळालं. आपल्या कर्जत तालुक्यातही वेगळी गोष्ट नाही. भिवपुरीचं वीजघर १९२२ सालचं. ठोकळवाडीचं पाणी तिथे उतरतं, मग पेज नदीत, मग उल्हासमध्ये. आपण उन्हाळ्यात पेजेच्या काठावर दुबार भात काढतो तो या पाण्यावर. म्हणजे दोन्ही तालुक्यांची उन्हाळ्यातली नदी माणसांनी केलेल्या एका व्यवस्थेतून येते. आणि व्यवस्था म्हटली की ती बदलता येते. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्याकडे वळवावं, ही मागणी घाटावरून अधूनमधून होत असते. त्या लोकांचंही काही खोटं नाही, तिकडे दुष्काळ आहे. उद्या हा प्रश्न खरोखर टेबलावर आला तर खोपोलीच्या वतीने कोण बोलणार? हाच मुलगा, सगळ्यांत चांगला बोलणारा म्हणून. आणि तो काय सांगणार? निसर्गाची देणगी!

त्या खोलीत निदान तिघांना हे ठाऊक होतं. एक गृहस्थ स्वतः वीजघरातून निवृत्त झालेले, आमच्या शेजारीच बसले होते. आम्ही हळूच विचारलं, "तुम्ही काही बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "सर, आशयावर बोलायचं नाही असं आहे इथे. कसं बोलला तेवढंच सांगायचं." आम्ही यावर बराच विचार केला. या नियमामागे चांगला हेतू आहे. नवख्या माणसाने धीर करून उभं राहायचं आणि कुणी तरी त्याच्या विषयावरून त्याला झोडपायचं, तर तो पुन्हा येणार नाही. पण नवख्याला जपता जपता तिथे कुणालाच खऱ्याखोट्याची चाड उरलेली नाही. वक्ता बरोबर बोलतोय का, हे विचारायला त्या सभेत माणूसच नेमलेला नाही. 'अं' मोजायला नेमलाय.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकली. एक आगरी मुलगा बोलला, भातशेती आणि जमिनीच्या दलालांवर. छान बोलला. व्याकरण पाहणाऱ्याने अहवालात अगदी गोड शब्दांत सांगितलं की 'पानी' नव्हे 'पाणी', 'कोन' नव्हे 'कोण'. मुलगा हसला, मान हलवली, वहीत लिहून घेतलं. 'म्हणजे' मोजणं वेगळं. ती आमची सवय, ती आम्ही सोडू शकतो. घरची बोली ही चूक म्हणून वहीत लिहून घ्यायला लावणं वेगळं. पण थांबा, आपण कर्जतकरांनी इथे माना डोलवायचं कारण नाही. आपण त्या मुलाचा 'न' सुधारत नाही, कारण आपण त्याला माइकच देत नाही.

आता ताईंकडे येऊ. टेबल टॉपिक्सची वेळ झाली. सूत्रसंचालक मुलगी पाहुण्यांकडे वळली, "ताई, तुम्ही येता का?" आम्हाला वाटलं त्या नाही म्हणतील. त्या उठल्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'तुम्ही रोज उचलता ते ओझं.' त्यांनी पंधरावीस सेकंद काही म्हटलं नाही. मग बोलल्या ते आठवेल तसं सांगतो. माझं ओझं म्हणजे वजनकाटा, म्हणाल्या. पिशवीत घालून वाडीवर नेते. मुलांना झोळीत टाकते, काटा बघते, वहीत लिहिते. दिवाळी झाली की कातकरी माणसं वीटभट्टीवर जातात, मुलं घेऊन जातात. मागच्या वर्षी एक मूल सॅममध्ये होतं. दर आठवड्याला पंधरा ग्रॅम, वीस ग्रॅम असं वाढत होतं. मग ते भट्टीवर गेलं. वहीत मी 'स्थलांतरित' लिहिलं. तेवढं लिहिलं की माझं काम संपतं. ते मूल कुठल्या भट्टीवर गेलं, तिथल्या अंगणवाडीत त्याचं नाव लागलं का, हे मला कुणी विचारत नाही, आणि मी कुणाला विचारायचं तेही—

लाल कार्ड वर गेलं होतं. घंटी झाली. टाळ्या, चांगल्या जोरात. आह काउंटरने सांगितलं, सात 'म्हणजे'. पुढची चिठ्ठी होती 'माझी आवडती सुट्टी'.

आम्ही त्या दिवशी परतीच्या गाडीत फारसं बोललो नाही. डोळवलीला गाडी थांबली तेव्हा आम्ही ताईंना विचारलं, "हे तुम्ही आपल्याकडे कधी का नाही बोललात?" त्या म्हणाल्या, "सर, आपल्याकडे कधी बोलायचं असतं?" (शांतता)

याला उत्तर नव्हतं. आपल्याकडे बोलायचं असतं ते आभार संपल्यावर, चहा घेताना, खुर्च्या उचलताना. आणि तेव्हा आम्ही पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला निघालेले असतो.

जरा शास्त्राकडे वळतो, नाहीतर तुम्ही म्हणाल डॉक्टरेट कशाला घेतली. न्यायसूत्रांत बोलाचालीचे तीन प्रकार सांगितलेत. वाद, म्हणजे दोघांनी मिळून खरं काय ते शोधायला केलेली चर्चा. जल्प, म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. आणि वितंडा, ज्यात स्वतःचं काहीच मांडायचं नसतं, समोरच्याचं पाडायचं असतं. आपल्याकडे चुकूनमाकून प्रश्नोत्तरं झाली तर बहुधा दुसरा नाहीतर तिसरा प्रकार होतो. खोपोलीत तिन्हींपैकी एकही होत नाही, कारण तिथे प्रतिपक्षच नाही. याच ग्रंथात बावीस निग्रहस्थानं दिली आहेत, म्हणजे बोलणारा कुठे कुठे हरला असं समजावं त्या जागा. तीही एक मोजदादच झाली. पण काय मोजलंय पाहा: तेच तेच बोलणं, असंबद्ध बोलणं, अडचण आली की 'मला काम आहे' म्हणून उठून जाणं. 'अं' त्यात नाही. आणि त्यातलं एक आम्हाला फार आवडतं, अननुभाषण. समोरच्याने आपलं म्हणणं तीनदा सांगितलं, सभेला ते समजलं, तरीही ते तुम्हाला परत सांगता आलं नाही, तर तुम्ही हरलात. म्हणजे उत्तर द्यायच्या आधी ऐकलं होतं हे दाखवायचं. आमच्या बत्तीस मिनिटांच्या समारोपात वक्त्याचं म्हणणं किती मिनिटं होतं? खजिनदारांनी तेही लिहिलंय. दोन.

ग्रीकांकडेही हा तंटा झालेला आहे. अथेन्सच्या न्यायालयात पाण्याच्या घड्याळावर वेळ मोजत. भांड्यातलं पाणी संपलं की तुमचं बोलणं संपलं. आणि प्लेटोच्या 'प्रोटागोरस' या संवादात तर मध्येच चर्चा थांबते आणि सभा कशी चालवायची यावरच भांडण होतं. प्रोटागोरस लांबलचक भाषणं देतोय. सॉक्रेटिस म्हणतो, मी विसराळू माणूस, मला एवढं लक्षात राहत नाही, थोडक्यात उत्तर द्या नाहीतर मी निघालो. आणि उठतो. लोक त्याला धरून बसवतात. मग हिप्पियस तोडगा काढतो, एक पंच नेमा, तो भाषणांची लांबी ठरवील. सॉक्रेटिस ते नाकारतो. पंच आपल्यापेक्षा कमी वकूबाचा असला तर त्याचं ऐकणं बरं नाही, आणि प्रोटागोरसपेक्षा शहाणा आणणार कुठून? त्यापेक्षा तुम्ही सगळेच देखरेख करा. आम्ही हे वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं, मुलांना त्यावर टिपा लिहायला लावल्या, आणि रविवारी येऊन प्रोटागोरस झालो.

आता कुणी म्हणेल, आपली मराठी परंपरा अशीच, अध्यक्षीयच. तर तेही खरं नाही. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. दादाभाई नौरोजी तिच्यात होते. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा म्हणून चालल्या. पोरं निबंध वाचायची, त्यावर चर्चा करायची. आणि नुसती चर्चा करून थांबली नाहीत, वर्षभरात मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि स्वतः शिकवायला उभी राहिली. १८७५ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या संस्थेचं नाव ऐका: वक्तृत्वोत्तेजक सभा. उत्तेजन कुणाला द्यायचं असतं? जो अजून बोलत नाही त्याला. आपण त्या परंपरेतलं व्याख्यान उचललं, शाल उचलली, आणि उत्तेजन तिथेच राहिलं.

परत आल्यावर आम्ही इथे एक प्रयोग मांडला. तुमच्यापैकी काही जण त्या दिवशी होते. नियम तीनच ठेवले. वक्ता तीस मिनिटं. मग अर्धा तास माइक खाली, आणि पहिले तीन जण असे की जे या हॉलमध्ये पूर्वी कधी बोललेले नाहीत. विरोध करायचा असेल तर आधी वक्त्याचं म्हणणं दोन वाक्यांत सांगायचं, वक्त्याने 'हो, असंच' म्हटलं तरच पुढे जायचं. अध्यक्षीय समारोप रद्द.

पहिल्या खेपेला फज्जा उडाला. आमचे एक जुने स्नेही उठून म्हणाले, "ही काय शाळा आहे का, पाढे म्हणायला?" पहिले तीन नवे बोलणारे मिळायलाच सहा मिनिटं शांतता होती, ती सहा मिनिटं अंगावर येतात हो. आणि समारोप रद्द असूनही आम्ही 'दोनच शब्द' म्हणून उठलो आणि अकरा मिनिटं बोललो. शेवटी खोपोलीहून पाहुणी आलेल्या त्या सूत्रसंचालक मुलीने पिशवीतून लाल कार्ड काढून धरलं. दुसऱ्या खेपेला जरा जमलं. त्या स्नेह्यांनी वक्त्याचं म्हणणं सांगायचा प्रयत्न केला, वक्ते म्हणाले "असं मी म्हटलंच नाही", पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा जुळलं. तोवर त्यांचा विरोध निम्मा उरला होता. हे त्यांनी स्वतःच कबूल केलं, आणि आम्ही त्यांना चाळीस वर्षं ओळखतो. कबूल करणं त्यांच्या स्वभावात नाही.

खोपोलीकरांनीही एक बदल केलाय. मूल्यमापकाच्या शेजारी आता आणखी एक माणूस बसवतात. त्याला दोन मिनिटं, आणि काम एकच: भाषणातली एक गोष्ट निवडायची आणि 'हे तुम्हाला कुठून कळलं?' एवढं विचारायचं. उत्तर नसेल तर वक्त्याने पुढच्या वेळी आणायचं. पाताळगंगेचा तो मुलगा त्या वीजघरातल्या निवृत्त गृहस्थांच्या घरी जाऊन नकाशा उतरवून आला म्हणे. आज तो आलाय, मागे बसलाय, हो ना? हात वर कर बाबा. (टाळ्या) 'पानी'चं काय करायचं यावर मात्र त्यांचं अजून एकमत झालेलं नाही. तो वाद चालू राहू दे, तो वाद आहे, जल्प नाही.

पुढच्या रविवारी ताई बोलणार आहेत. लाल कार्ड नाही, तीस मिनिटं पूर्ण, कारण वीटभट्टीवर गेलेलं मूल एका जागेच्या यादीतून उतरून दुसऱ्या जागेच्या यादीत का चढत नाही, हे दोन मिनिटांत मावत नाही. त्यांनी विचारलं, "सर, वही आणू का?" म्हटलं, आणा, वजनकाटाही आणा. दोन्ही तालुक्यांतल्या आणखी काही अंगणवाडी सेविकांना त्यांनीच निरोप दिलेत. त्या दिवशी शाल नाही, परिचय नाही. घंटी खोपोलीच्या मुलीकडे. आम्ही तिसऱ्या रांगेत, खजिनदारांच्या शेजारी, म्हणजे उठायला लागलो तर सदरा ओढायला कुणी तरी असेल. (हशा)

बरं, पिवळं कार्ड केव्हाच झालं आणि आता लाल दिसतंय. अर्धं मिनिट सवलत आहे, ती घेत नाही. माइक डावीकडच्या रांगेत द्या. आधी जे इथे कधीच बोलले नाहीत ते. आम्ही थांबतो, शांतता पडली तरी चालेल.